फाइलवरची वेळ नेमकी कोणाची? विंडोज, लिनक्स, मॅक आणि पेनड्राइव्ह यांच्यात वेळनोंदी कशा जपाव्यात

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये संगणकाचे काम पाहणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅकहाउसमध्ये विंडोजचे संगणक आहेत, नाशिकच्या कार्यालयात लिनक्सचा सर्व्हर आहे, लेबल आणि खोक्यांची रचना करणारी व्यक्ती मॅक वापरते आणि नेटवर्क धड नसले की फाइली पेनड्राइव्हवरून जातात. काही फाइलींची वेळ साडेपाच तासांनी पुढे दिसते, नेदरलँड्समधील खरेदीदाराकडून आलेल्या काही फाइली तीन-चार तासांनी चुकतात, तर काहींमध्ये फरक केवळ एका सेकंदाचा असतो. बॅकअप रोज सगळ्या फाइली नव्याने उतरवतो. एकदा तर दुपारी दुरुस्त केलेल्या पॅकिंग लिस्टवर सकाळची जुनी प्रत चढली. यांतली खरी वेळ कोणती आणि हे थांबवायचे कसे, असे त्याने विचारले आहे.

नाशिक परिसरातील कारखाने आणि पॅकहाउस यांच्या माहितीची साठवण हे माझे गेल्या अठरा वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. तुम्हाला दिसणारे साडेपाच तास, तीन-चार तास आणि एक सेकंद हे एकाच आजाराचे कमी-अधिक प्रकार नाहीत; ते तीन वेगळे दोष आहेत आणि प्रत्येकाचे कारण त्या फरकाच्या आकड्यातच लिहिलेले असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फरक नेमका किती आहे हे सेकंदापर्यंत पाहावे.

फाइलवर वेळ लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. लिनक्स, मॅक आणि विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना, घड्याळातले तास-मिनिटे लिहीतच नाहीत. ठरावीक आरंभबिंदूपासून किती काळ लोटला याची संख्या लिहितात आणि ती मोजणी यूटीसी या जागतिक वेळेनुसार करतात. युनिक्स कुळातील प्रणालींचा आरंभबिंदू १ जानेवारी १९७० हा आहे. एनटीएफएस १ जानेवारी १६०१ पासून मोजते आणि तिचे एकक १०० नॅनोसेकंद इतके सूक्ष्म आहे. या दोन आरंभबिंदूंमध्ये ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचे अंतर आहे. हा आकडा तोंडपाठ असण्याची गरज नाही, पण एखाद्या फाइलवर अचानक १६०१ किंवा १९७० साल दिसले, तर वेळ शून्य किंवा रिकामी राहिली आहे हे त्यावरून लगेच कळते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसची मोजणी १९०४ पासून होते, आजची एपीएफएस मात्र १९७० पासून नॅनोसेकंदांत मोजते. या सर्व सिस्टीममध्ये समान गोष्ट अशी की लिहिलेली संख्या ही एक निश्चित क्षण असते, आणि तो क्षण भारतात बसलेल्या माणसाला भारतीय वेळेत व नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधील माणसाला तिथल्या वेळेत दाखवणे हे केवळ पडद्यावरचे काम असते.

दुसरी पद्धत फॅट या जुन्या फाइल सिस्टीमची, आणि तुमच्या बहुतेक दुखण्याचे मूळ तिथे आहे. फॅट क्षण लिहीत नाही, ती समोरच्या भिंतीवरचे घड्याळ जसेच्या तसे उतरवून ठेवते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ते घड्याळ कोणत्या गावातले होते याची नोंद तिच्यात कुठेही नसते. दुपारचे २ वाजून २० मिनिटे म्हणजे नाशिकचे की रॉटरडॅमचे, हे वाचणाऱ्या संगणकाने स्वतःच ठरवायचे असते आणि तो नेहमी स्वतःचेच गाव धरतो. पेनड्राइव्ह, कॅमेऱ्यांची लहान कार्डे आणि कंटेनरमध्ये ठेवायचे तापमान नोंदवणारे कित्येक डेटा लॉगर आजही हीच फॅट वापरतात, कारण ती सगळीकडे चालते.

आता तुमच्या पॅकिंग लिस्टचे काय झाले असावे ते पाहू. पॅकहाउसमधल्या विंडोज संगणकावर सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी फाइल जतन झाली आणि पेनड्राइव्हवर गेली, फॅटने ९.४० असे लिहिले. तो पेनड्राइव्ह नाशिकच्या लिनक्स सर्व्हरला लावला गेला. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर ठेवलेले आहे, जे सर्व्हरसाठी योग्यच आहे. पण त्यामुळे त्याने ते ९.४० हे यूटीसीमधले ९.४० मानले आणि फाइल उतरवून घेताना तोच क्षण नोंदवला. कार्यालयातल्या संगणकावर तो क्षण भारतीय वेळेत दुपारचे ३ वाजून १० मिनिटे असा दिसू लागला. दुपारी दीड वाजता कुणीतरी दुसऱ्या संगणकावरच्या प्रतीत दुरुस्ती केली. संध्याकाळी सिंक करणाऱ्या, म्हणजे दोन ठिकाणच्या प्रती सारख्या करणाऱ्या, सॉफ्टवेअरने ‘जी नवी ती राहील’ या नियमाने तुलना केली, १.३० पेक्षा ३.१० ही नंतरची वेळ ठरवली आणि दुरुस्त प्रतीवर जुनी प्रत चढवली. सॉफ्टवेअरने आपला नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला. त्याच्या हाती आलेली वेळच भविष्यातली होती. असे नुकसान मी स्वतः एका ग्राहकाकडे निस्तरले आहे आणि त्या संपूर्ण आठवड्यात कोणत्या फाइली गेल्या हे शोधण्यातच आमचे चार दिवस गेले होते, म्हणून या मुद्द्यावर मी थोडा आग्रहाने बोलतो.

यावर उपाय सोपा आहे. लिनक्समध्ये फॅटचा पेनड्राइव्ह जोडताना, म्हणजे माउंट करताना, ‘टाइम-ऑफसेट’ हा पर्याय देता येतो आणि तो मिनिटांत असतो. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने तिथे ३३० द्यावे. मग ९.४० मधून ३३० मिनिटे वजा होऊन योग्य क्षण नोंदवला जाईल. सर्व्हरचे घड्याळच भारतीय वेळेवर आणण्याचा मोह टाळावा, कारण त्यावरच्या इतर सेवांच्या नोंदी यूटीसीमध्ये असण्याचा लाभ मोठा आहे.

साडेपाच तासांचे आणखी एक कारण असते आणि ते अधिक घातक आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले असतील, तर विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स त्याच घड्याळात यूटीसी असल्याचे धरते. लिनक्स बंद करून विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते आणि उलट केले की तितकेच पुढे जाते. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंतच्या काळात जतन झालेल्या फाइलींवर खरोखरच चुकीचा क्षण लिहिला जातो. आधीच्या उदाहरणात मूळ नोंद बरोबर होती आणि वाचन चुकले होते. इथे नोंदच चुकलेली असते, म्हणून ती नंतर ओळखणेही अवघड जाते. अशा संगणकावर दोन्ही प्रणालींना एकच रीत पाळायला लावणे, शक्यतो विंडोजलाही यूटीसी मानायला लावणे, हे पहिल्याच दिवशी करून टाकावे.

एका तासाचा आणि तीन-चार तासांचा फरक नेदरलँड्सकडून येतो. तिथे हिवाळ्यात यूटीसीपेक्षा एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढची वेळ चालते, त्यामुळे आपल्यातले अंतर हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते. हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी यूटीसीनुसार पहाटे १ वाजता, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहा वाजता होतो. २०२६ मध्ये ती तारीख २९ मार्च आहे. आपला निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिलचा असल्यामुळे हा बदल नेमका हंगामाच्या मध्यावर येऊन पडतो, न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर समुद्रात असतानाच. लॉगर तिथल्या स्थानिक वेळेवर लावलेला असेल, तर त्या रात्री २ ते ३ या तासातली एकही तापमान-नोंद त्यात दिसणार नाही, कारण तो तास त्यांच्या घड्याळात आलाच नाही. शीतसाखळी तुटली नव्हती, लॉगरही बंद पडला नव्हता; तरीही आलेखात एक खाच दिसते आणि तिचा खुलासा करण्याची पाळी निर्यातदारावर येते. लॉगर सुरू करतानाच तो यूटीसीवर ठेवावा आणि तसे खरेदीदाराला लेखी कळवावे, ही माझी ठाम शिफारस आहे.

आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, मग आपल्याला याची काय गरज, असे अनेक जण विचारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ दरम्यान, भारतातली घड्याळेही एक तास पुढे केलेली होती आणि प्रणालींमधल्या कालविभागांच्या कोष्टकात ते आजही नोंदलेले आहे. शिवाय आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर नाशिक साधारण ७३.८ अंशांवर आहे; म्हणजे नाशिकच्या डोक्यावर सूर्य येतो तो प्रमाणवेळेच्या मानाने सुमारे ३५ मिनिटे उशिरा. स्थानिक वेळ हा माणसांनी केलेला करार आहे आणि करार बदलतात. क्षण बदलत नाही, म्हणून साठवायचा तो क्षण.

खरेदीदाराकडून येणाऱ्या झिप फाइलींबाबत स्वतंत्रपणे सांगायला हवे. झिपच्या मूळ रचनेतही फॅटसारखीच, गाव न सांगणारी स्थानिक वेळ असते. रॉटरडॅममध्ये सकाळी १० ची फाइल असलेला झिप नाशिकमध्ये उघडला की फाइलवर आपल्या वेळेतले सकाळचे १० दिसतात. प्रत्यक्षात तो क्षण हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच असतो. झिपमध्ये यूटीसी वेळ ठेवण्यासाठी एक जादा रकाना आहे आणि बरीच साधने तो भरतात, परंतु सगळी भरत नाहीत आणि उघडणारे साधन तो वाचेलच असेही नाही. दोन्ही बाजूंनी कोणते साधन वापरायचे हे ठरवून घेतल्यावरच या वेळेवर भिस्त ठेवावी.

आता एका सेकंदाचा फरक. फॅटमध्ये बदलाच्या वेळेसाठी १६ बिट दिलेले आहेत: तासासाठी ५, मिनिटासाठी ६ आणि सेकंदासाठी उरलेले ५. पाच बिटांत ३२ पेक्षा अधिक किमती बसत नाहीत, त्यामुळे ६० सेकंद मावत नाहीत आणि सेकंदांची निम्मी संख्या लिहिली जाते. परिणामी फॅटवर कोणत्याही फाइलच्या बदलाचे सेकंद नेहमी सम असतात. तुमच्या सर्व्हरवर ३७ व्या सेकंदाला बदललेली फाइल पेनड्राइव्हवर ३६ किंवा ३८ होते आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर ती बदलली असे समजून पुन्हा उतरवते. फाइली ताडून उतरवणाऱ्या ‘आरसिंक’ या साधनात यासाठी ‘मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय आहे. तिथे एक सेकंदाची मुभा दिली की हा उपद्रव थांबतो. विंडोजच्या ‘रोबोकॉपी’ या प्रत काढणाऱ्या साधनात याच कामासाठी ‘एफएफटी’ आणि उन्हाळी वेळेच्या एका तासासाठी ‘डीएसटी’ असे पर्याय आहेत. मात्र साडेपाच तासांचा फरक झाकण्यासाठी ही मुभा कधीही मोठी करू नये. तसे केले तर खरोखर बदललेल्या फाइलीही सुटून जातील.

रोज सगळ्याच फाइली नव्याने उतरत असतील, तर त्याचे एक साधे कारणही तपासा. ‘आरसिंक’ ठरलेल्या वर्तनानुसार आकार आणि बदलाची वेळ या दोनच गोष्टी ताडून पाहते, परंतु वेळ जपण्याचा पर्याय दिला नसेल तर नव्या प्रतीवर ती उतरवण्याचीच वेळ राहते. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइली वेगळ्या दिसणे अटळ आहे. संग्रहासाठीचा ‘ए’ पर्याय दिला की वेळ आपोआप जपली जाते. लिनक्समधल्या साध्या ‘सीपी’ आज्ञेलाही ‘पी’ पर्याय दिल्याशिवाय ती जुनी वेळ पुढे नेत नाही.

‘फाइल आधी बदलली आणि नंतर निर्माण झाली, असे कसे?’ असा प्रश्न तुम्हाला एखाद्या लेखापरीक्षकाने कीडनाशक अवशेषांच्या प्रयोगशाळा-अहवालाबाबत कधी ना कधी विचारला जाईल. विंडोजमध्ये फाइलची प्रत काढली की बदलाची वेळ मूळचीच राहते, पण निर्मितीची वेळ त्या प्रतीच्या जन्माची लागते. त्यामुळे निर्मिती ५ मार्चची आणि बदल १२ फेब्रुवारीचा, हे चित्र पूर्णपणे निर्दोष असू शकते. लिनक्समध्ये गोंधळ आणखी एका दिशेने होतो. तिथल्या ‘सी-टाइम’ या नावातला ‘सी’ अनेकांना निर्मितीचा वाटतो. प्रत्यक्षात ती फाइलच्या परवानग्या, नाव, मालक किंवा मजकूर यांपैकी काहीही बदलल्याची वेळ असते आणि ती हवी तशी लिहिण्याची सोय प्रणाली देत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत याच नावाने लिनक्सवर बदलाची आणि विंडोजवर निर्मितीची वेळ मिळत आली, म्हणून एकाच प्रोग्रामचे दोन ठिकाणी दोन अर्थ झालेले मी पाहिले आहेत. ३.१२ या आवृत्तीपासून विंडोजवरचा तो वापर कालबाह्य ठरवला आहे.

विंडोजची एक लकब तर माहीत नसणाऱ्याला चक्रावून टाकते. एखादी फाइल पुसून १५ सेकंदांच्या आत त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची नवी फाइल तयार केली, तर एनटीएफएस नव्या फाइलला जुन्या फाइलची निर्मितीची वेळ देते. तात्पुरत्या फाइलीत लिहून मग मूळ नाव देणाऱ्या प्रोग्रामच्या सोयीसाठी हे मुद्दाम केलेले आहे. शेवटच्या वाचनाच्या वेळेवर तर मुळीच विसंबू नये: लिनक्स ती प्रत्येक वाचनाला बदलत नाही, विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासून बराच काळ ती नोंद मुळातच बंद ठेवलेली होती आणि फॅटमध्ये तिचा केवळ दिवस असतो, तास-मिनिटे नसतात.

तुमच्यासाठी कोणी प्रोग्राम लिहिणार असेल तर त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. वेळ दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्णांकी नॅनोसेकंदांत ठेवावी, कारण आजच्या काळातील सेकंदांचा आकडा ६४ बिटांच्या दशांश संख्येत घातला की सुमारे २४० नॅनोसेकंदांपेक्षा बारीक फरक त्यात टिकत नाही आणि न बदललेली फाइल बदललेली ठरते. दुसरे असे की दोन स्थानिक वेळांची वजाबाकी कधीही करू नये. आधी दोन्ही यूटीसीत आणाव्यात. जुन्या लॉगरमध्ये ३२ बिटांचे सेकंद असतील तर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर ते पुढे मोजू शकणार नाहीत, म्हणून नवी खरेदी करताना हे विचारून घ्यावे.

पेनड्राइव्ह नवे घेणार असाल तर ते एक्सफॅटमध्ये तयार करावेत. एक्सफॅटमध्येही स्थानिक वेळच लिहिली जाते, पण तिच्याशेजारी यूटीसीपासूनचे अंतर १५ मिनिटांच्या पटीत लिहिण्याचा रकाना आहे, आणि साडेपाच तास त्यात नीट बसतात. लिहिणाऱ्या उपकरणाने तो रकाना भरला तरच त्याचा उपयोग होतो.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची सवय अशी की ज्या वेळेला व्यवहारात किंमत आहे ती फाइलच्या आत किंवा नावात लिहावी. प्री-कूलिंगमध्ये माल कधी गेला, कंटेनरचे दार कधी बंद झाले, नमुना कधी घेतला, या गोष्टी फाइलवरच्या वेळेवरून सिद्ध करायला जाऊ नये, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातील काढल्याची वेळ वाटेतच गळून पडते आणि मेलमधून जतन केलेल्या जोडपत्रावर बहुधा जतन केल्याची वेळ असते. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि शेवटी यूटीसीची खूण असा क्रम ठेवावा, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. विंडोज फाइलच्या नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह चालू देत नाही, हे लक्षात ठेवून तास-मिनिटे सलग लिहावीत. अहवालांसाठी याच्या जोडीला शा-२५६ हा मजकुराचा ठसा काढून ठेवावा. वेळ काहीही दिसली तरी मजकूर तोच आहे हे त्यावरून निर्विवाद ठरते.

आपली साखळी कुठे चुकते हे शोधण्यासाठी मी एक चाचणी नेहमी करतो. एक लहान फाइल तयार करून ‘टच’ या आज्ञेने तिला दुपारी १२ वाजून १ मिनिट ३७ सेकंद अशी विषम सेकंदाची वेळ द्यावी आणि ती तुमच्या प्रत्येक मार्गाने फिरवून आणावी: पेनड्राइव्ह, सर्व्हर, मॅक, झिप, बॅकअप. प्रत्येक टप्प्यावर ‘स्टॅट’ या आज्ञेने वेळ पाहून कागदावर लिहावी. ३७ चे ३६ किंवा ३८ झाले तर फॅट आडवी आली, साडेपाच तास सरकले तर कालविभाग चुकला, एक तास सरकला तर उन्हाळी वेळ, आणि आत्ताची वेळ दिसली तर वेळ न जपणारी प्रत. हीच चाचणी मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर खरेदीदाराकडून पुन्हा करून घ्यावी.

आजवर बिघडलेल्या वेळांचे काय करावे, हेही तुम्ही विचारले असते असे मी धरतो. ज्या फाइली निश्चितपणे पेनड्राइव्हवरून यूटीसी सर्व्हरवर गेल्या, केवळ त्यांच्याच वेळेतून साडेपाच तास वजा करावेत, तेही आधी संपूर्ण फोल्डरची यादी जुन्या वेळांसह जतन करून. फाइल कोणत्या मार्गाने आली हे खात्रीने सांगता येत नसेल, तर तिला हात लावू नये. प्रयोगशाळेचे अहवाल आणि लॉगरच्या मूळ फाइली यांच्या वेळा मात्र, चूक उघड दिसत असली तरी, कधीही ‘सुधारू’ नयेत. शेजारी एक टिपण ठेवून त्यात फरक आणि त्याचे कारण लिहावे, आणि खाली तारीख यूटीसीत टाकावी.